थडग्याचं कलम

ओटा समजून तो जे पाहत होता ते थडगं निघालं, आणि तिथून चिंतामणीचं काहीतरी बिनसलं. तसं पाहिलं तर बिनसण्यासारखं काही नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते, भोईवाड्याच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांत पंखा कुरकुरत होता, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि तिसरीची वाट बघत तो खाटेवर मांडी घालून मुलानं पाठवलेला व्हिडिओ बघत होता. उंच निमुळत्या गवती छपराचं एक घर. घराच्या खाली, खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोन डुकरं. समोर अंगण आणि अंगणात चार दगडी पायांवर ठेवलेली एक भली मोठी सपाट शिळा. त्या शिळेवर एक बाई पाय खाली सोडून मक्याची कणसं सोलत बसली होती. ओटा मात्र झकास आहे, त्याच्या मनात आलं, संध्याकाळी टेकायला बरा. तेवढ्यात उन्मेषचा फोन. ‘बाबा, बघितलंत?’ ‘बघितलं. बाकीचं राहू दे, ओटा चांगला आहे.’ उन्मेष हसला. ‘ओटा नाही हो, थडगं आहे ते. त्या बाईच्या आईचं.’ चिंतामणीनं मांडी मोडली आणि पाय खाली सोडले, आणि मग आपणही अगदी त्या बाईसारखेच बसलो आहोत हे लक्षात येऊन तो उठून उभाच राहिला. कुकरची तिसरी शिट्टी कधी झाली ते त्याला कळलंच नाही. भात खाली लागला.

वाईलेरू. गावाचं नाव त्यानं कागदावर लिहून ठेवलं होतं, कारण तोंडात बसत नव्हतं. इंडोनेशियात सुंबा नावाचं बेट आहे आणि त्या बेटाच्या पार दक्षिणेच्या टोकाला हे गाव. मुंबईहून बाली, बालीहून लहान विमानानं सुंबा, तिथून जीपनं तीन तास, आणि त्यातल्या शेवटच्या तासाला रस्ता म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाव दोन-दोन दिवस तुटतं. हॉस्पिटल त्या तीन तासांच्या अलीकडच्या टोकाला. हे सगळं उन्मेषनंच सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं, उलट सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की जणू ओढ्याला पाणी येणं ही त्या गावाची खास सोय होती. खरी ओढ चैत्रालीची. सून कापडाची डिझायनर. तिकडच्या बायका सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, ते शिकायला ती गेल्या वर्षी दोन महिने त्या कणसं सोलणाऱ्या बाईच्या घरी राहून आली. शेवटचे पंधरा दिवस उन्मेषही गेला. आला तो रापून काळा ठिक्कर आणि गप्प. त्याचं कॉम्प्युटरचं काम काय, कुठूनही होतं, छपरावर इंटरनेटची तबकडी लावली की झालं. आता दोघांना कायमचं तिकडेच जायचं होतं. त्या बाईचीच अर्धा एकर जागा, व्हिडिओतलं ते एक घर, बाजूला अजून दोन खोल्या बांधायच्या, डोंगरापलीकडच्या समुद्रावर लाटांवर खेळायला गोरे लोक येतात त्यांना उतरवायचं. परक्याला तिथे जमीन विकत मिळत नाही. पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा, पुढे वाढवता येतो. ‘म्हणजे आपल्या पागडीसारखंच की,’ चिंतामणी म्हणाला होता. मालक दुसरा, पण हाकलायची कोणाची टाप नाही. या दोन खोल्यांत त्याचा जन्म असाच गेला होता, त्यामुळे ही गोष्ट त्याला कोणी समजावून द्यायला नको होती.

आणि मग उन्मेष म्हणाला, ‘बाबा, तुम्ही एकदा सर्च मारा. तिथल्या वकिलानं बघितलंय, पण मला त्याचं काय? तुमचं क्लिअर आलं की मी सही करतो. नाही आलं, तर नाही.’ इतक्या सहज म्हणाला. चौतीस वर्षं चिंतामणीनं फोर्टातल्या एका सॉलिसिटरकडे दुसरं काही केलंच नव्हतं. सर्च क्लार्क. कोणी जागा घ्यायला निघालं की रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन तीस वर्षं मागे जायचं, जाडजूड वह्या उतरवायच्या, पान पान उलटायचं. कोणी कोणाला विकली, कोणी गहाण टाकली, कुठल्या बहिणीची सही राहिली, कुठल्या चुलत्याचा दावा पडलाय. शेवटी रिपोर्ट लिहायचा आणि खाली दोन शब्द. टायटल क्लिअर. किंवा तीन, पुढे ‘नाही’ लावून. पार्ट्या त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. रिपोर्टमध्ये खाडाखोड चालायची नाही. चुकलंच तर एक सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे अशी, आणि समासात सही करायची. खोडरबर हे चोराचं हत्यार आहे, असं त्याचे साहेब म्हणायचे. आणि जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेवटची सही करायची नाही. वह्यांची धूळ इतकी अंगावर बसायची की दुर्गा त्याला शर्ट दारातच काढायला लावायची. ‘अहो, तीस वर्षांचा कचरा घरात आणू नका,’ म्हणायची आणि शर्ट दोन बोटांत धरून मोरीकडे न्यायची. दुर्गाला जाऊन दोन वर्षं झाली. अजूनही बाहेरून आला की त्याचा हात आधी शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. आता हा रिपोर्ट. आयुष्यातला शेवटचा, आणि त्यातल्या दोन किंवा तीन शब्दांवर पोरगा इथे राहणार की जाणार हे ठरायचं. असली वेळ कोणावर येऊ नये.

कागद आले, त्यांचं भाषांतर आलं. त्यानं चष्मा पुसून चार दिवस वाचले. सरकारी दाखला त्या बाईच्या नावावर. गावच्या मुखियाचं पत्र. कुळातल्या सात वडीलधाऱ्यांची संमती, सातही अंगठे. हद्दीचे दगड, नकाशा. काही म्हणता काही खोट सापडेना. चांगला कागद हातात आला की त्याला आत कुठेतरी बरं वाटायचं, ही सवय इतकी जुनी की या वेळीही वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल त्याला स्वतःचा संताप आला. पाचव्या दिवशी चैत्राली दादरहून आली, डब्यात कोथिंबीरवडी घेऊन, आणि तिनं तिकडे व्हिडिओ कॉल लावून दिला. ‘बाबा, त्यांना मामा म्हणायचं हं. मामा योहाना.’ ‘बाईला मामा?’ ‘तिकडे बाईलाच म्हणतात.’ मामा योहाना त्याच्याच वयाची असावी. तोंडात पान, ओठ लालभडक, दात त्याहून लाल. थडग्यावरच बसली होती. चिंतामणीनं प्रश्न विचारायला घेतले तसा त्याचा जुना आवाज त्याला सापडला, कोरडा, घाई नसलेला. भावंडं किती? कोणाचा वाटा राहिलाय? पूर्वी कोणाला भाड्यानं दिली होती का? चैत्राली तिकडची भाषा बोलायची, बाई पटापट उत्तरं द्यायची, मधूनच पिचकारी टाकायची. मग तो म्हणाला, ‘आणि ते थडगं?’ ते तिथेच राहणार, बाई म्हणाली. आई कुठे जाणार आता? घरात राहणाऱ्यानं एवढंच करायचं, लांब जाताना तिच्याजवळ एक सुपारी ठेवायची, परत आलं की एक ठेवायची. तिला कळायला हवं ना माणूस कुठे आहे ते. चिंतामणीनं ते लिहून घेतलं. मग बाई पुढे वाकली, तिचा चेहरा सगळ्या स्क्रीनभर झाला, आणि तिनं काहीतरी विचारलं. चैत्राली घुटमळली. ‘काय म्हणते?’ ‘काही नाही, असंच.’ ‘अगं, सांग की.’ ‘त्या विचारतायत, तुमची बायको कुठे आहे?’ वारली, तो म्हणाला. ते माहीत आहे त्यांना, चैत्राली म्हणाली, कुठे ठेवलंय असं विचारतायत. तो म्हणाला, कुठेच नाही. जाळलं. राख बाणगंगेत सोडली. चैत्रालीनं हळू आवाजात सांगितलं. बाईचं चघळणं थांबलं. तिनं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, कीव नव्हती त्यात, नुसतं नवल होतं, आणि अजून एक प्रश्न विचारला, तो चैत्रालीनं न घुटमळता सांगून टाकला. ‘मग तुम्ही घरातून निघताना कोणाला सांगून निघता?’

आता या प्रश्नाला काय उत्तर आहे? कडी लावतो, कुलूप घालतो, निघतो. शेजारच्या शेवंतीबाईंना सांगतो कधीमधी, दूधवाला आला तर घेऊन ठेवा म्हणून. पण तो प्रश्न जो त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याला आडवं पडवेना, म्हणून चप्पल घालून निघाला, आणि कुलूप घालताना हात तसाच कडीवर राहिला. वेड लागलंय मला, तो स्वतःशी म्हणाला. परळ नाक्यावरून लालबागपर्यंत गेला. कशाला गेला ते सांगता आलं नसतं. पुलाखालच्या सावलीतून चालताना वरून गाड्यांचा धडधडाट, बाजूला जिथे गिरणीचं धुराडं होतं तिथे आता काचेचे तीन टॉवर, त्यांच्याकडे मान वर करून बघायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. या आवाजातच तो जन्मला होता. आधी गिरण्यांचा, मग पाडकामाचा, मग बांधकामाचा. आवाज असला की त्याला बरं वाटतं. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटायचे डंके सुरू होते, मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि त्याला सटासट सात-आठ शिंका आल्या. एका दुकानाबाहेर पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगल्या होत्या, अलिबागच्या. दुर्गानं एकदा आणली होती अशी माळ, शाळेच्या सहलीवरून येताना. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची ती, चौथीचे वर्ग घेऊन गेली होती. माळ स्वयंपाकघरात खिळ्याला लावली आणि पावसाळा आला तरी तिनं त्यातला एक कांदा काढला नाही. कोंब आले त्यांना. तो म्हणाला होता, ‘अगं, वापर की, सडतील.’ ती म्हणाली, ‘असू द्या. बघायला आणलेत.’ बायकांचं काही कळत नाही, असं म्हणून त्यानं तेव्हा विषय सोडून दिला होता.

कांदे, अलिबाग, आणि मग अर्थातच आक्षी. तिथे मन जाऊ नये म्हणून तर तो चालत होता. बावीस वर्षांपूर्वी दुर्गाच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, आक्षीला तीन गुंठे आहेत, कौलारू घर, विहीर, अकरा पोफळी, मालक म्हातारा आहे आणि द्यायला राजी आहे. दुर्गानं तिथे एकदा जाऊन पाहिलं आणि ती पार बदलून आली. रिटायर झाल्यावर नाही, आत्ताच जाऊ म्हणाली, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली मागते, तुम्ही अलिबागच्या वकिलांचे सर्च करा, उन्मेष तिथल्या शाळेत जाईल. आयुष्यात तिनं मागितलेली ती एकच गोष्ट. एरवी साडीसुद्धा मागितली नाही. मग चिंतामणी दिवाळीनंतर भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं गेला, रेवसला उतरला, अलिबागच्या रजिस्ट्रारकडे त्यानं दोन दिवस वह्या उलटल्या. धुतल्या तांदळासारखं टायटल. तिसऱ्या दिवशी दुपारी जागा बघायला आक्षीला गेला. म्हातारा मालक जेवून झोपला होता. अंगणात कोणी नव्हतं. आणि आवाज नव्हता. काहीच नव्हता, समुद्रसुद्धा ओहोटीला लांब गेलेला. चिंतामणी विहिरीच्या काठावर बसला आणि त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, मग कानातलं रक्त, मग छातीतलं. इथे मी कोण? भोईवाड्यात तो सर्चवाला चिंतामणी होता, कोर्टातले शिपाई त्याला ओळखत, पानवाला न सांगता त्याचं पान लावत असे. इथे एक माणूस विहिरीवर बसला होता, बस्स. त्या पंधरा-वीस मिनिटांत त्याला जी भीती वाटली तशी पुढे दुर्गाच्या आजारपणातही वाटली नाही. तो उठला आणि जवळजवळ पळत हमरस्त्याला आला. घरी आल्यावर दुर्गानं दारातच विचारलं, शर्ट काढायला सांगायचंही विसरली. आणि तो म्हणाला, ‘मधल्या एकोणीस वर्षांची पानं फाटलेली आहेत. टायटल क्लिअर नाही.’ चौतीस वर्षांतला एकच खोटा रिपोर्ट, तोही तोंडी. ती म्हणाली, ‘बरं. मग राहू दे.’ आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. तिनं शब्दानंसुद्धा तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

लालबागहून परत आला तेव्हा घामानं भिजला होता. टेबलाशी बसला, रेघांचा कागद घेतला आणि रिपोर्ट लिहायला लागला. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, धारण करणाऱ्याचं नाव, संमती. हात सुरेख चालत होता. आणि शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर त्याला ते दिसलं, म्हणजे चार दिवस समोर होतंच, फक्त त्यानं त्याच्याकडे त्या नजरेनं पाहिलं नव्हतं. थडगं. जागेवर तिसऱ्याचा कायमचा हक्क. भाडेपट्टा संपला तरी न संपणारा. घरात राहणाऱ्यावर जाता-येता काही करायचं बंधन. याला काय म्हणतात? याला बोजा म्हणतात. हे खोटं नव्हतं. पान फाटलेलं नव्हतं, काही नव्हतं, शिळा तिथे ढळढळीत होती. कुठल्याही साहेबानं मान्य केलं असतं. त्यानं लिहिलं, सबब सदर मिळकतीचे टायटल क्लिअर नाही. सही केली. तारीख घातली. आणि मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि तो हलकेपणा ओळखीचा होता. अगदी असंच हलकं आक्षीहून परतताना लाँचमध्ये वाटलं होतं. पण कागद खरा आहे, तो स्वतःला सांगत राहिला. यात एक अक्षर खोटं नाही. पोराला ओढ्यापलीकडे ताप आला, साप चावला, तर कोण आहे तिथे? सून नाजूक. आणि मी इथे. बाप म्हणून मला काही वाटायला नको का? असं तो स्वतःशी भांडत बसला.

रविवारी दुपारी दादरला गेला. उन्मेष-चैत्रालीचं भाड्याचं घर फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर, खिडकीतून दिवसभर झेंडूचा वास आत येतो. चैत्रालीनं सोलकढी केली होती. भिंतीवर मामा योहानानं विणलेलं एक कापड लावलेलं, निळ्यावर तांबडे घोडे. कोपऱ्यात दोन नव्या बॅगा, अजून प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. चिंतामणीनं बॅगा बघितल्या आणि न बघितल्यासारखं केलं. कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला. ‘क्लिअर नाही,’ तो म्हणाला. ‘थडग्याचा बोजा आहे. शेवटचा पॅरा वाच.’ उन्मेषनं वाचला. दोनदा वाचला असावा, कारण वेळ लागला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी विझत गेलं, ते बघवेना. चिंतामणीनं आयुष्यभर पार्ट्यांचे पडलेले चेहरे बघितले होते आणि पुढची फाइल उघडली होती. उन्मेषनं कागदाची घडी घातली, जुन्या घडीवरूनच, नीट, आणि म्हणाला, ‘बरं. मग राहू दे.’

तेच शब्द. तोच सूर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. चिंतामणीनं सोलकढीची वाटी उचलली आणि ठेवली. उन्मेषचा फोन वाजला, ऑफिसचा होता, रविवारीही सोडत नाहीत मेले, तो ‘आलोच’ म्हणून आतल्या खोलीत गेला आणि दार लोटलं. चैत्राली समोर बसली होती. तिनं बोलायच्या आधी दाराकडे बघितलं. ‘बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?’ ‘विचार.’ ‘आक्षीची पानं खरंच फाटलेली होती का?’

बाहेर कोणीतरी हार मोजत होतं, बारा, तेरा, चौदा. ‘तुला कोणी सांगितलं?’ ‘आईंनी. हॉस्पिटलात, शेवटच्या महिन्यात. मी रात्रपाळीला बसायचे ना.’ चैत्राली हळू बोलत होती, आरोप करत नव्हती, तेच जड जात होतं. ‘त्या गेल्या होत्या अलिबागला. त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत. शाळेची सहल नेली होती, पोरं किल्ला बघत होती तेवढ्यात त्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन आल्या. फी भरली, वही मागवली. तुमचंच ऐकून ऐकून त्यांना सगळं माहीत होतं, कुठली वही, कसा इंडेक्स बघायचा. एकूण एक पान होतं, म्हणाल्या.’ चिंतामणीला कांद्यांची माळ दिसली, खिळ्यावर, कोंब आलेली. बघायला आणलेत. ‘मग बोलली का नाही?’ त्यानं विचारलं. ‘एक शब्द बोलली असती. भांडली असती. बावीस वर्षं… नाही, वीस वर्षं माझ्याशेजारी…’ ‘मी पण तेच विचारलं त्यांना,’ चैत्राली म्हणाली. ‘त्या म्हणाल्या, अगं, हा माणूस कागदाच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हे. त्याला बोलावं लागलं, म्हणजे केवढा घाबरला असेल. इतकं घाबरलेल्या माणसाला ओढून कुठे न्यायचं?’

चिंतामणी रडला. आवाज न करता, तोंड वाकडं होऊन, म्हातारी माणसं रडतात तसा, आणि चैत्रालीनं त्याला रडू दिलं. तिनं वाटी त्याच्या हाताला लागून सांडू नये म्हणून बाजूला घेतली, एवढंच. तो बावीस वर्षं समजत होता की तिला फसवलं. ती फसलीच नव्हती. तिनं त्याला जणू बघितलंच होतं, त्या विहिरीच्या काठावर बसलेला, स्वतःच्या श्वासाला घाबरलेला, आणि बघूनही वीस वर्षं त्याला पाणी आणून देत राहिली होती. त्याला वाटलं, जगात आपल्याला कोणी ओळखत नाही अशी एक जागा होती म्हणून आपण पळालो, आणि जिनं ओळखलं तिची राख आपण बाणगंगेत सोडून मोकळे झालो. त्यानं तोंड पुसलं. शर्टाच्या खिशाला हात लावला, पेन होतं. चौतीस वर्षं पेनाशिवाय तो घराबाहेर पडला नव्हता.

दार उघडून उन्मेष आला आणि बापाचा चेहरा बघून थबकला. ‘काय झालं?’ ‘कागद दे,’ चिंतामणी म्हणाला. ‘चूक झाली.’ ‘कुठली चूक?’ ‘दोन झाल्यात. एक आत्ता दुरुस्त करतो. दुसरी तिथे आल्यावर सांगेन.’ उन्मेषला काही कळलं नाही, पण त्यानं कागद दिला. चिंतामणीनं चष्मा लावला, शेवटच्या ओळीवर आला आणि ‘नाही’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. समासात सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, पण चालेल. मग ‘बोजा’ या शब्दावर तशीच रेघ, तिथेही सही. आणि खाली मोकळ्या जागेत नवीन कलम लिहिलं. जागेवर मामा योहाना यांच्या मातोश्रींचे थडगे आहे. ते आहे तिथेच राहील. घरात राहणाऱ्याने लांब जाताना व परत आल्यावर त्यावर एक सुपारी ठेवावी. यात कसूर करू नये. त्याखाली थोडी जागा सोडून त्यानं अजून एक ओळ लिहिली आणि कागद पोराकडे सरकवला. उन्मेषनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. ‘प्रत्यक्ष जागेची पाहणी बाकी.’ मग वर बघितलं. ‘म्हणजे काय, बाबा?’ ‘म्हणजे काय म्हणजे? जागा बघितल्याशिवाय शेवटची सही करायची नाही. नियमच आहे तो.’ ‘तीन तास जीप आहे.’ ‘ऐकलंय.’ ‘आणि दुपारी तिथे चिटपाखरू नसतं, बाबा. इतकी शांतता असते की…’ ‘माहीत आहे मला कशी असते ती,’ चिंतामणी जरा चिडूनच म्हणाला, आणि उरलेली सोलकढी एका घोटात पिऊन टाकली. चैत्राली तोंड फिरवून खिडकीबाहेर झेंडूकडे बघायला लागली.

परतताना बाजारात पूजेचं सामान विकणाऱ्याकडे त्यानं सुपाऱ्या मागितल्या. ‘किती देऊ, काका?’ अकरा, तो म्हणाला, तोंडातून तोच आकडा आला. घरी येऊन शर्ट दारातच काढला. दुर्गा जिथे बसून चौथीच्या वह्या तपासायची त्या खिडकीच्या कठड्यावर हात फिरवला, धूळ होती, ती पुसली. आणि एक सुपारी तिथे ठेवली. वेडेपणा आहे, ठाऊक होतं त्याला. थडगं नाही, शिळा नाही, चाळीचा कठडा, आणि तोही पागडीचा. उद्या-परवा ही चाळ पाडतील तेव्हा कठडाही जाईल. तरी ठेवली. आलो, म्हणाला, मोठ्यानं नाही. मग पाच मिनिटं खाटेवर बसला. पंखा बंद होता, लावायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि आवारातही त्या वेळी कोणाचा आवाज नव्हता. त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. तो उठला नाही. ऐकत बसला. भीती वाटली, पण बसला. मग आठवलं की नाक्यावरचा फोटोवाला रविवारी सहाला बंद करतो आणि पासपोर्टला फोटो लागतात. त्यानं धुतलेला शर्ट घातला, बटणं लावली, पिशवीतून दुसरी सुपारी काढून पहिलीच्या शेजारी ठेवली आणि कडीला हात घातला.

‘येतो गं,’ तो म्हणाला, आणि फोटो काढायला निघाला.